बुडालेल्या भट्टीची सुवर्णतुला

एका राज्यात आगीला स्वतःचे घर होते. त्या घराला तांबटशाळा म्हणत. मधोमध मोठी भट्टी. राजाच्या पणजोबाने ती पेटवली, तेव्हापासून विझली नव्हती. राज्यातली प्रत्येक चूल तिच्याच निखाऱ्यावर पेटे. भट्टी जिवंत तर चुली जिवंत, असा त्या आगीचा नेम होता.

राजा मानधीराने तांबटशाळेवर कीर्तिपाल नावाचा कारभारी नेमला. माणूस देखणा. जिभेवर साखर. पदावर बसण्याआधी त्याने वचन मागितले.

"महाराज, मी जाईन त्या दिवशी माझी सुवर्णतुला करावी. माझ्या भाराइतके सोने द्यावे. काम तरो वा बुडो."

"बुडो कशाला म्हणता?" राजा हसला.

"बोलायची रीत, महाराज."

राजाने वचन दिले. कुणाला विचारले नाही.

कीर्तिपालाने शाळेवर सोन्याचा कळस चढवला. दारावर चांदीचे हत्ती बसवले. परगावचे लोक पाहायला येत. आत भट्टीची धग उतरत होती. एखादा तांबट बोललाच, तर कीर्तिपाल त्याला हाताला धरून बाहेर नेई आणि कळस दाखवी. अखेर एका सकाळी भट्टी विझली.

त्याच घटकेला राज्यातल्या साऱ्या चुली विझल्या. गारगोटीतून ठिणगी पडेना. माणसे कच्चे पीठ कालवून खाऊ लागली.

कीर्तिपाल दरबारात आला. अंगावर कोरे उपरणे होते.

"महाराज, मी निघतो. तुला करावी."

"कारभारी, भट्टी विझली."

"काळ फिरला, त्याला मी काय करू? आणि तुम्ही वचन मोडलेत, तर उद्या कोण शहाणा तुमच्या दारी चाकरीला येईल?"

दिलेला शब्द परत घेणे त्या घराण्यात नव्हते. राजाने वंशाचा तराजू मागवला. तो तराजू एका सिद्धाने घडवला होता. त्याला खोटे तोलता येत नसे.

कीर्तिपाल पारड्यात बसला. पारडे जमिनीला टेकले. दुसऱ्यात सोने ओतले. पारडे हलले नाही. खजिना रिता झाला. राणीच्या पाटल्या गेल्या, राजाचा मुकुट गेला. पारडे हलले नाही. कीर्तिपाल घाबरून उठू लागला. त्याला उठता येईना.

तेवढ्यात मथुरा तांबटीण दरबारात शिरली. तिची सून पहाटे बाळंत झाली होती. बाळाला शेक नव्हता, शेगडीत राख होती. नातवाचे पाय गार पडत चालले होते.

"महाराज, एक निखारा द्या."

"माझ्याच मुदपाकखान्यात नाही, बाई."

"मग हे काय मांडलंय?"

"दिलेला शब्द पाळतो आहे."

"पोरं गारठून मरतायत, आणि आग विझवली त्याला सोनं? बरा शब्द आहे!"

कीर्तिपाल पारड्यातूनच म्हणाला, "बाई, तुला यातले कळत नाही. हा कराराचा मामला आहे."

तराजूच्या दांडीवर तांबट पक्षी बसला होता. अंग हिरवे, कपाळावर लाल टिळा. तो बोलला, "मथुरे, सगळे सोन्याच्या पारड्याकडे बघतात. तू दुसऱ्याकडे बघ."

त्याने तिच्या डोळ्यांवरून पंख फिरवला. मथुरेला दिसले. कीर्तिपाल पारड्यात एकटा नव्हता. भट्टीला लाकूड पुरवणारे, आता मेलेले रान त्याच्या खांद्यावर बसले होते. मांडीवर फाटके भाते होते. पाठीवर मुक्या हातोड्यांची रास होती.

"याने रानाची सावली विकली," पक्षी म्हणाला. "भात्यांचा श्वास विकला, हातोड्यांचा नाद विकला. भुजंगनाथ मांत्रिकाला. त्याच मोबदल्यात शाळेचा तो कळस आला. तिन्ही परत आण, भार उतरेल."

मथुरा घरी गेली. सुनेला म्हणाली, "पोराला उराशी धर. सोडू नकोस. मी आलेच." आणि पक्ष्यामागे निघाली.

भुजंगनाथ काळ्या डोंगरात राहत होता. मथुरा थेट त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"सावली हवी?" मांत्रिक म्हणाला. "माझ्या कातळावर ऊन कलेपर्यंत उभी राहा. पाय उचललास, तर तुझीही सावली माझी."

कातळ तव्यासारखा तापला होता. मथुरेचा जन्म भट्टीपुढे गेला होता. ती उभी राहिली. ऊन कलले. मांत्रिकाने सावली दिली. तिने लुगड्यासारखी घडी घालून काखेत घेतली.

"श्वास हवा? ही कातड्याची पखाल फुंकून भर."

पखालीला भोकेच भोके. मथुरेने गाल लावून एकेक भोक हुडकले, मातीत थुंकी मळून बुजवले, आणि फुंकले. पखाल फुगली. भात्यांचा श्वास त्यात येऊन बसला.

तिसऱ्या वेळी मांत्रिक गोड झाला. "बाई, तू हुशार आहेस. नाद तर देतोच, वर तुला कारभारीण करतो. जाशील तेव्हा सुवर्णतुला. काम तरो वा बुडो. कीर्तिपालाला हे शब्द मीच शिकवले. तू फक्त हो म्हण."

"काम बुडालं तर मला सोनं?"

"तुला सोने."

"आणि तांबटांना?"

"त्यांचे त्यांनी पाहावे."

मथुरेने पदर खोचला. "मग ऐक मेल्या. भट्टी पेटली, तर सगळ्यांबरोबर माझी चूल पेटेल. विझली, तर आधी माझी विझावी. ह्या बोलीवर कारभार दे. नाहीतर राहू दे."

अशी बोली त्या डोंगरात कुणी केली नव्हती. भुजंगनाथाची छाती तडकली. आतून हातोड्यांचा नाद बाहेर उसळला. पक्ष्याने तो चोचीत झेलून गिळला. मांत्रिकाच्या जागी मूठभर राख उरली.

मथुरा परतली. सावली रानावर पसरली, रान हिरवे झाले. श्वास भात्यांत भरला, भाते हलले. पक्ष्याने चोच उघडली, नाद हातोड्यांत गेला. शाळेतला पहिला हातोडा ऐरणीवर पडला. ठिणगी उडाली. भट्टीने पेट घेतला.

इकडे कीर्तिपालाचे पारडे वर जाऊ लागले. राजाने ओंजळी भरभरून सोने काढले. मुकुट काढला. पाटल्या काढल्या. शेवटी दुसऱ्या पारड्यात गुंजेएवढे सोने राहिले, तेव्हा दांडी सरळ झाली.

"तुला झाली," राजा म्हणाला. "शब्द पाळला."

"एवढेच?" कीर्तिपाल ओरडला.

"तुमच्या भाराइतकं, कारभारी," मथुरा म्हणाली. "करारच आहे तसा."

सारा दरबार हसला. कीर्तिपालाने हात पुढे केला आणि ती गुंज घेतली. तो दाराबाहेर पडला तोच वारा सुटला. त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. तो खांबाला लोंबकळला. मथुरेने त्याला ओढून शाळेत आणले आणि भात्याची दोरी त्याच्या हाती दिली.

"ही ओढा. वजन येईल."

राजाने मथुरेला कारभारीण केले, तिच्याच बोलीवर. कळस उतरवून त्याचे तांबटांना वाटप झाले. पण दरबारात येण्याआधीच ती निखारा घेऊन घरी धावली होती. शेगडी पेटली. नातवाचे पाय शेकले. पोराने आजीला लाथ मारली, तेव्हा ती खाली बसली.

कीर्तिपाल अजून भाता ओढतो. आता त्याच्या टाचा जमिनीला लागतात. थोडा नाद पक्ष्याच्या गळ्यात राहून गेला. भर दुपारी झाडावरून टुक टुक ऐकू येते, तो हाच. ज्या घरी चूल पेटली आहे, त्या घरी ही कथा पोहोचली.