तुळशीचं पान ठेवल्यावर

“मग हे केलं कुणी?” दगडूबुवांनी ताटाकडं बघत विचारलं.

“मी. दुसरं कोण येतंय इथं चुलीपुढं मरायला?” हौसाबाई म्हणाली.

हौसाबाई बुवांची शिष्या. मठातला स्वैपाक तिच्याकडं. तोंडानं फाटकी, हातानं सुगरण. नवरा होता तोवर त्यानं रोज ताटाला नावं ठेवली. मठात आली तर बुवा मुकाट जेवून उठायचे. आपल्या हाताला कुणी तरी एकदा बरं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढंही कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

आज ती हट्टाला पेटली होती. मठात येण्याआधी पुण्यात ज्या इटलीच्या मार्ताबाईकडं कामाला होती, तिच्या घरचं सॅलड तिनं केलं होतं. टोमॅटोच्या चकत्या, मधेमधे पांढऱ्या चीजच्या चकत्या, वर तेल, मीठ आणि हिरवी पानं.

“हे पनीर काय गं?”

“पनीर नव्हे, मोझरेला. धारेचं दूध व्हिनेगर घालून फाडलं. तो गोळा कढत पाण्यात मळून मळून ताणला. ही बघा बोटं.”

बोटं लाल झाली होती.

“दाण्याचं कूट नाही घातलंस?”

“हात शिवशिवत होता. फोडणीची पळीही तापवली होती. पण ठेवली परत. कोशिंबीर नव्हे ही, बुवा.”

बुवांनी ताटाकडं हात नेला... आणि तसाच मागं घेतला.

“ही तुळस?”

“तिकडं तिच्याच जातीचं पान घालतात. ते मी कुठनं आणू? वृंदावनातली खुडली.”

“तुळस ठेवलीस म्हणजे नैवेद्य झाला. देवाचं झालं. आता यात तुझं काय राहिलं?”

हौसाबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

“भाजलेली बोटं राहिली की. ती नाही नेली तुमच्या देवानं.”

बुवा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग टोमॅटोची एक चकती आणि चीजची एक, वर पान, असं उचलून तिच्या तळहातावर ठेवलं.

“घे.”

“गुरूच्या आधी मी खाऊ?”

“खा.”

तिनं खाल्लं. जन्मभर ती सगळ्यांच्या मागून, खरवडीवर जेवली होती. टोमॅटो आंबटगोड लागला. चीज मऊ, दुधाच्या वासाचं.

“कसं झालंय?”

“चांगलं झालंय. मी...”

‘मी केलं’ म्हणता म्हणता तिची नजर आपल्या लाल बोटांवर गेली.

“बुवा... दूध वासराच्या वाटणीचं होतं,” ती हळूच म्हणाली. “आणि शिकवलं मार्ताबाईनं. पाणी किती कढत आहे ते आधी स्वतःच्या हातानं बघायची, मग मला हात घालू द्यायची. एवढं कुणी केलं होतं माझ्यासाठी...”

तिचे डोळे भरून आले. तिनं ताटाला हात जोडले. मार्ताबाईला जोडले, वासराला की देवाला, ते तिलाही कळलं नाही.



दगडूबुवांनी आजवर कुणापुढं हात पसरला नव्हता. भिक्षासुद्धा ते झोळीतच घ्यायचे.

ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली.

“वाढ, माय.”