चाळीस सेकंदांचा उशीर

खांबेटे साहेबांच्या कापड दुकानांची वेबसाइट वृषालीताई आणि त्यांची टीम नव्याने बांधत होती. पहिल्याच पानावर आपल्या भाषणाचा व्हिडिओ हवा, असा साहेबांचा हट्ट. त्यापायी साध्या फोनवर पान उघडायला चाळीस सेकंद लागत.

"गिऱ्हाईक थांबेल," साहेब म्हणत. पण गिऱ्हाईक पळालं, की टीमच्या नोकऱ्या जाणार होत्या.

शेवटच्या बैठकीला ताई मुद्दाम दाराबाहेर घड्याळ बघत उभ्या राहिल्या. साहेबांना जराही उशीर खपत नसे.

त्या आत येताच साहेब कडाडले, "किती वाट बघायची तुमची?"

"चाळीसच सेकंद, साहेब. जिला पगार देता, तिच्यासाठीही तुम्हाला तेवढं थांबवेना. मग गिऱ्हाईक कशाला थांबेल?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"भाषण तळाशी टाका," ते पुटपुटले.