पवनचक्की आणि तारेचा झोका

पठारावर पवनचक्क्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. धरणावरचं जनित्र आणि कोळशावरचं जनित्र एका लांब तारेने जोडलेली होती; पवनचक्क्याही त्याच तारेला जोडल्या होत्या. एकदा दोघांत चढाओढ लागली. एक पुढे रेटायचं, दुसरं मागे खेचायचं, की लगेच उलट. तारेतली वीज हेलकावे खाऊ लागली.

“अहो, आवरा! मी तुटले तर खालची सगळी गावं अंधारात जातील,” तार कळवळली.

“आधी त्याला सांग!” दोन्ही जनित्रं म्हणाली.

धाकटी पवनचक्की दचकली. “तारमावशी, मी काही करू?”

“तू? वाऱ्यावर जगणारी!” कोळशावरचं जनित्र हसलं.

तिने घाबरत घाबरत जोर लावला, पण नेमका झोक्याच्याच दिशेने. हेलकावा आणखी वाढला.

“अगं बाई, उलटं कर!” तार ओरडली.

मग तारेत वीज भरून आली की चक्की हात आखडता घेई आणि ओसरली की थोडं जास्त देई. हळूहळू हेलकावे विरून गेले.

“ऐकलं ना शेवटी माझं?” धरणावरचं जनित्र म्हणालं.

“छे, तूच माझं ऐकलंस!” कोळशावरचं जनित्र म्हणालं.

चक्की काही सांगणार होती. पण खाली गावात दिवे लागत होते. ते बघत ती निवांत फिरत राहिली.