भिंतीवरचा हात

थप्. थप्. भिंतीवर शेणी थापल्याचा तो आवाज केरबा जन्मभर विसरला नाही, असं म्हणतात.

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा आपल्या गावाला वेससुद्धा नव्हती. त्या काळी गावात चिमणाआजी वाकळा शिवायची. वाळल्या भोपळ्याच्या सालीतून ती साचे कापायची. पान, कुयरी, मासोळी. साचा कापडावर ठेवायचा, कोळशाने कड आखायची आणि त्या रेघेवरून धावदोरा घालायचा. पण तान्ह्या बाळाच्या वाकळेत मधोमध लागायचा तो आईचा हात. बारशाला आई कापडावर पंजा टेकायची, आजी तो आखून घ्यायची. मग आई शेतावर गेली तरी मूल तिच्या हाताखाली निजायचं.

केरबाची बायको गोजरा बाळंतपणात गेली. मागे पोर राहिली. ती शेळीच्या दुधाला तोंड लावेना, बोळ्याने ओठांत सोडलेल्या चार थेंबांवर तग धरून होती; डोळाही मिटेना. बाराव्या दिवशी तिचं रडणंसुद्धा बारीक झालं. त्या दिवशी आजी साचे घेऊन केरबाच्या ओट्यावर आली. गोजराच्या बहिणीने आपला हात पुढे केला. आजीने मान हलवली. मग केरबाने आपला केला.

"तुझा हात औताचा, बाबा," आजी म्हणाली. "पोरीला वाकळ पायजे, वावर नव्हं. गोजराचा हात कुठं उमटलाय का, ते आठव."

केरबाला आठवलं. तिचा हात उमटायचा तो शेणींवर. एकेका शेणीवर पाच बोटं. आणि त्याच शेणी त्याने स्वतः पाट्या भरभरून तिच्या सरणाला घातल्या होत्या.

"समद्या जाळल्या, आजी. एक पण ठेवली नाही."

आजी काठी टेकत घरामागे गेली. वळचणीखाली भिंतीला एक शेणी चिकटलेली होती. कळा सुरू झाल्या त्या सकाळी गोजराने थापलेली, शेवटची. तेव्हा ओली होती, म्हणून कुणी सरणाला नेली नव्हती.

आजीने ती अलगद सोडवली आणि बोटांच्या खळग्यांबरहुकूम साचा कापला. करंगळी जराशी बाहेर झुकलेली होती, तीही तशीच ठेवली. गोजराच्या जुन्या लुगड्यावर तो हात आखला आणि ऊन ओट्यावरून उतरायच्या आत अख्खी वाकळ शिवली. ऊनच तेवढा वेळ थांबलं होतं, असं म्हणतात.

वाकळ पोरीवर घातली. थप्. थप्. ओट्यावर कुणाचाच हात हलत नव्हता, तरी आवाज सगळ्यांनी ऐकला. पोर निजली. उठली ती भुकेली होऊन, आणि वाटीभर दूध प्याली.

केरबा आजीच्या पाया पडायला वाकला. मान वर केली तर आजी पाठमोरी चालली होती.

त्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला सांगता येत नाही. पण अजून आपल्या गावात बाईला सातवा लागला की ती मागच्या भिंतीला एक शेणी थापते. ती कुणी जाळत नाही. तिला चिमणाआजीची शेणी म्हणतात. बारशाला गावातली सगळ्यांत म्हातारी बाई येते, आईचा हात कापडावर आखते. आई पाया पडायला वाकते. तिची मान वर व्हायच्या आधी म्हातारी उठते, आणि चिमणाआजीसारखी पाठमोरी चालू लागते.