डोहाला लागलेला तळ

पूर्णा नदीच्या काठी मांडवे नावाचे गाव आहे. पलीकडे जायचे तर त्या काळी नावेशिवाय उपाय नव्हता. त्या पैलतीरावरच, महादेवाच्या देवळालगतच्या ओवरीत, सहजनाथ महाराज राहत असत. महाराज फार बोलत नसत, आणि बोलत तेही पुष्कळांना चटकन उमगत नसे.

गावचा नावाडी हरबा कोळी हा महाराजांचा भक्त. माणूस कष्टाळू, मनाने मऊ; पण राग आला की त्याला कशाची शुद्ध राहत नसे. धाकटा भाऊ म्हसू त्याच्याच नावेतून नदीच्या खोल डोहात पडून बुडाला, तेव्हापासून तर हे फारच वाढले. कुणी नावेत चिखलाचे पाय ठेवले तरी हरबा पेटायचा, आणि मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको सगुणा त्याच्याशी बोलायलाही भ्यायची.

एकदा रडकुंडीला येऊन तो महाराजांच्या पायांशी बसला आणि राग जाळून टाकणारा मंत्र मागू लागला. महाराज म्हणाले, “जाळायचा कशाला? आला की त्याला विचार, बाबा, तू कोण? आणि पहिल्या उत्तरावर थांबू नकोस.”

हरबा बुचकळ्यात पडला. राग म्हणजे राग, त्याला ओळख काय विचारायची? तरी गुरूची आज्ञा म्हणून तो वल्हे मारता मारता पुटपुटू लागला. कधी उत्तर येई भूक, कधी थकवा, कधी काहीच नाही. राग होता तिथेच होता. लोक हसू लागले. सर्वांत जास्त हसत ते वैजनाथशास्त्री. क्रोध कसा जिंकावा या विषयावरचे त्यांचे प्रवचन पंचक्रोशीत गाजलेले होते. असल्या वेड्या उपायाने कुणाचा राग गेला आहे का, असे ते चारचौघांत विचारीत.

श्रावणातल्या एका सकाळी शास्त्रीबुवांना पैलतीरी देवळात प्रवचनाला जायचे होते. नदी फुगली होती. पाणी थोडे ओसरू द्या, असे हरबाने विनवले. बुवांनी ऐकले नाही. दोघेच निघाले. नाव डोलू लागली तसे बुवांचे बोलणे अधिकच बोचरे झाले, आणि नाव डोहावर आली तेव्हा ते म्हणाले, “म्हसूलाही असाच प्रश्न विचारीत बसला होतास काय रे, तो बुडत असताना?”

हरबा ताडकन उभा राहिला. हातातले वल्हे त्याने बुवांवर उगारले. नाव कलली, त्याचा तोल गेला, आणि वल्हे निसटून प्रवाहात वाहून गेले. नाव भोवऱ्यात गरगरू लागली. बुवा फळी धरून ओरडू लागले.

हरबाच्या ओठांवर सवयीने प्रश्न आला, तू कोण? राग. आणि तू? लाज. तिच्याखाली भीती होती. आणि त्याही खाली म्हसूचा ओला चेहरा, ज्याच्यासाठी तो आजवर एकदाही रडला नव्हता. आपण बुवांवर चिडलो आहोत की स्वतःवर, मारायला उठलो होतो की पळून जायला, त्याला काही उलगडेना. तो हमसून हमसून रडू लागला. “महाराज, मला काहीच कळंना हो,” एवढेच तो म्हणाला.

नावेत उथळ पाण्यासाठीचा लांब बांबू होता. डोहात त्याचा काही उपयोग नव्हता. हरबाच्या बापालाही तिथे कधी तळ लागला नव्हता. पण हात रिकामे ठेववेनात म्हणून त्याने तो पाण्यात सोडला, आणि बांबू टेकला! हरबाने जोर लावला. नाव भोवऱ्याबाहेर सरकली. पुन्हा टेकवला, पुन्हा आधार मिळाला. असे करीत नाव काठाला लागली.

बुवा थरथरतच, पण तणतणत ओवरीकडे निघाले. या माथेफिरूला आवरा, असे त्यांना महाराजांना सुनवायचे होते. हरबा मान खाली घालून मागे चालला.

ओवरीत भक्तमंडळी गोंधळून उभी होती. महाराज सकाळपासून त्यांच्यासमोरच बसले होते, जागचे हललेही नव्हते. तरी त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होते, आणि दोन्ही खांद्यांवर चिखलाने माखलेले बांबूच्या टोकाएवढे गोल वळ उमटले होते. कातडी सोलवटली होती.

शास्त्रीबुवा ओवरीच्या पायरीवरच थबकले.

महाराजांनी शांतपणे विचारले, “बुवा, आत्ता कुणावर एवढे रागावला आहात?”

रागावलो नाही, असे म्हणायला बुवांनी तोंड उघडले. पण त्यांची नजर पुन्हा त्या वळांवर गेली. ते म्हणाले, “मी भ्यालो होतो, महाराज. नावेत पाय ठेवल्यापासून भ्यालो होतो.” आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी त्यांना उठवले आणि हरबाकडे बोट केले.

हरबा चाचरत म्हणाला, “महाराज, माझा राग गेला का?”

“उद्या पुन्हा येईल. आता तू त्याला ओळखतोस.”

हरबाला हे पुरते उमगले नाही. तोवर शास्त्रीबुवा त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांशी वाकले होते. हातांचे काय करावे, ते हरबाला कळेना. मग त्याने ते बुवांच्या पाठीवर ठेवले आणि तिथेच उभा राहून भावाच्या नावाने मोकळेपणी रडला.