मांडीवरचं भाषण

“मग मी मत कुणाला देऊ, गुरुजी?”

गुरुजी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. अजून रांगायलाही लागलेली नाही. तिला घरी ठेवायचं तर कुठे चाललेय ते सासूबाईंना सांगावं लागलं असतं, आणि सासूबाईंचंही या विषयावर मत होतं. गावात सध्या सगळ्यांचंच आहे. फक्त माझं काय ते मला कळत नव्हतं.

चार वाजता पक्षाच्या तालुका समितीची बैठक होती. अध्यक्ष निवडायचा. अर्धी समिती वामनरावांकडे, अर्धी जयदीपकडे, आणि मधे मी. मला समितीत घेतलं ते बाईची जागा रिकामी दिसू नये म्हणून. पुढे माझ्याच मतावर सगळं अडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मला तर नाहीच.

आमचा पक्ष जुनं जपणाऱ्यांचा. वामनराव म्हणत, जपायचं म्हणजे घाई करायची नाही, नियम सोडायचा नाही, बोलायचं ते मोजकं. जयदीप म्हणे, असं जपत बसलात तर पक्ष एक दिवस कपाटात जाईल. त्याला चौक हवा होता, ढोल हवा होता. घरपट्टी माफ करू असं सांगायचं होतं, आणि आठवडी बाजारात बाहेरून येणाऱ्या विक्रेत्यांना हुसकून लावायचं होतं. त्याच्या सभेला माणसं मावत नसत. वामनरावांच्या बैठकीत सतरंजी उरे.

मागच्या बैठकीत कुणीतरी खुर्ची भिरकावली. कुणी, ते दोन्ही बाजू वेगवेगळं सांगतात. मी रेवाला पोटाशी धरून दाराआड उभी होते, म्हणून मला दिसलं नाही. खरं तर मी डोळे मिटले होते.

दोघंही गुरुजींच्या अभ्यासवर्गात शिकलेले. मीही, त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

“गुरुजी...”

“येताहेत दोघं,” गुरुजी म्हणाले. “मीच बोलावलंय.”

मी रेवाचं दुपटं उगाच सारखं केलं.

जयदीप दारातूनच बोलत आला. वामनराव मागून आले, चपला भिंतीशी सरळ लावून. मला बघून दोघंही थबकले.

“वहिनी, मतदान इथेच उरकताय का?” जयदीपने विचारलं.

सूनबाईंवर दबाव आणू नये असं नियमात आहे, असं वामनराव म्हणाले. मी त्यांची सून नाही. सासऱ्यांचे ते मित्र, एवढंच.

“नियम तुम्हीच लिहिलेत, काका.”

“आणि तू ते वाचले नाहीस.”

गुरुजी उठले. काही न बोलता त्यांनी माझ्या मांडीवरून रेवाला उचललं आणि जयदीपच्या मांडीवर ठेवलं. नको म्हणायला मला सुचलं नाही. मला वेळेवर काहीच सुचत नाही.

“चारला जे बोलणार आहेस ते आता बोल,” गुरुजी म्हणाले. “पण ती उठता कामा नये.”

जयदीप हसला. मग खाली बघून जरा कमी हसला. बोलायच्या आधी सवयीने त्याचा उजवा हात वर गेला. रेवा चाळवली. हात खाली आला.

तो हळू आवाजात घरपट्टीचं बोलू लागला. विधवा बायकांची घरं, जप्तीच्या नोटिसा, पालिकेतले हेलपाटे. इतक्या हळू ते ऐकताना मला पटायला लागलं. वामनरावांनीही मान हलवली. मग आपण कुणाच्या विरुद्ध आहोत ते आठवल्यासारखी थांबवली.

पुढे बाजार आला.

“ही बाहेरची माणसं आपल्या...” जयदीपने सुरुवात केली. या वाक्यावर त्याचा सगळा चौक उठून उभा राहतो. “आपल्या पोरांच्या तोंडचा...”

रेवाचं तोंड अर्धवट उघडं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला.

...

“हे वाक्य हळू बोलता येत नाही, गुरुजी.”

“का?”



वामनरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपण कधी आवाज चढवलाच नाही, असं ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले.

“खरं आहे,” गुरुजी म्हणाले. “आता तू घे तिला.”

वामनरावांनी आधी आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान आधी धरायची की पाठ, आईची हरकत नाही ना, बसून घ्यावं की उभ्याने, असं एकेक विचारू लागले. तोवर जयदीपने रेवाला उचलून पुढे केलं होतं.

“घ्या ना, काका.”

“थांब. रीतसर होऊ दे.”

एकाचे हात लांब झालेले, दुसऱ्याचे अजून मांडीवर. मधे रेवा, पाय लोंबत असलेली.

तिने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं.

घेतच नाहीत, बघा, असं जयदीप तिच्या रडण्यावरून ओरडून सांगत होता. वामनरावांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. दोघंही एकमेकांकडे बघत होते. खाली कुणीच बघत नव्हतं, आणि जयदीपचे हात हळूहळू खाली यायला लागले होते...

मी कधी उठले ते कळलं नाही. रेवा माझ्या खांद्यावर होती, हुंदके देत. तिच्या पाठीवरचा माझा हात थांबत नव्हता.



आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, पुन्हा तेच विचारलं. “वेळ होत आलीय, गुरुजी. आता तरी सांगा. कुणाला देऊ?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

“आत्ता तिला उचललंस, ते कुणाला विचारून?”