हाळी आणि ओ

"आणि ओ दिल्यावर पुढं काय होतं?"

सोमगिरी महाराजांनी हे इतक्या सरळ विचारलं, की त्यांना या वयात नीट ऐकू गेलं नसावं, असंच सुव्रत केंजळेला आधी वाटलं.

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे एका माणसानं हाळी दिली. लांबच्या दुसऱ्यानं ओ दिली. इथवर कळलं. मग?"

"मग... त्याला बरं वाटतं, महाराज."

"कुणाला?"

"ज्यानं हाळी दिली त्याला."

"आणि ओ देणारा?"

"तो पुढच्या हाळीकडं जातो."

महाराजांनी 'हं' केलं आणि हातातल्या पत्रावळीला पुढची काडी टोचली.

धामणीच्या याच मठाच्या वसतिगृहात राहून सुव्रतनं शाळा पुरी केली होती. पुढे तो पुण्याला गेला, इंजिनिअर झाला, आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यानं मोबाइलवर चालणारी एक नवी सेवा सुरू केली होती. नाव 'हाळी'. माणसानं चार ओळी लिहायच्या किंवा फोटो टाकायचा, ती हाळी. इतरांनी खालचं गोल बटण दाबायचं, ती ओ. एवढ्यातच दीड लाख माणसं हाळ्या देऊ लागली होती. माणसाला माणसाजवळ आणण्याच्या या कामावर सुव्रतच्या ऑफिसात चाळीस जण होते, आणि शेजारच्या टेबलावरच्याला काही विचारायचं झालं तर ते लिहून पाठवत.

सगळं छान चाललं होतं. फक्त एका वर्तमानपत्रात कुणा शहाण्यानं विचारलं होतं, की असल्या सेवा ढिगानं पडलेल्या असताना ही आणखी एक कशाला? हिचा उपयोग काय?

ते सुव्रतला झोंबलं. त्यानं भागीदारांना शब्द दिला, "आमच्या महाराजांचं एक वाक्य आणतो. एकच. मग बघा." महाराजांच्या शब्दाखातर पाच तालुक्यांतल्या माणसांनी दारू सोडली होती. त्यांना हाळी धरायला कितीसा वेळ लागणार होता?

"एक वाक्य हवंय, महाराज. 'हाळी चांगली आहे' एवढं म्हणालात तरी पुरे. मी इथंच रेकॉर्ड करतो."

"चांगली आहे का?"

"आहे म्हणजे काय! लोक एकटे पडलेत, महाराज. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. आमची हाळी माणसाला माणसाशी जोडते."

हे वाक्य सुव्रतनं इतक्या ठिकाणी म्हटलं होतं, की आता ते त्याला जांभई देतानाही म्हणता आलं असतं.

महाराजांनी पत्रावळ उलटसुलट करून पाहिली.

"भूक लागलीय?"

"सकाळी चहावर निघालोय. पण ते वाक्य..."

"देईन की. पानावरून उठायच्या आत देतो. चल, माझ्याजवळ बस."

मठाच्या पंगतीची एक रीत आहे. पहिल्या वाढीला पानावर मूठभर भात, पळीभर आमटी, मीठ आणि लिंबाची फोड पडते. त्यापुढे वाढपी आपणहून काही वाढत नाहीत, आणि जेवणाऱ्यानं स्वतःसाठी काही मागायचं नाही. प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताला बसलेल्याचं पान बघायचं आणि त्यावर जे संपलं असेल ते मागायचं. 'शेजारी भात!' 'शेजारी आमटी!' अशी हाक गेली की वाढपी धावतो. ही रीत कुणी घातली, ते महाराजांनाही ठाऊक नाही. लहानपणी सुव्रतनं अशा हाका घसा बसेस्तोवर मारल्या होत्या. भाजी कारल्याची असली की वसतिगृहातली पोरं 'शेजारी भाजी!' ओरडून एकमेकांचा सूड उगवत.

सुव्रतच्या डावीकडे महाराज बसले. महाराजांच्या पलीकडे मठाचे कारभारी भिकूनाना. सुव्रतच्या उजवीकडे जिजाबा म्हणून एक म्हातारे होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी टोपी काढून मांडीखाली घातली आणि सुव्रतकडे बघून हसले.

"पाव्हणं कुठलं?"

"पुण्याचा. आजोबा, तुमच्याकडं मोबाइल आहे?"

"हाय की. बटनांचा."

"घरी कोण कोण असतं?"

"मी असतो."

"मग हाळी तुमच्यासारख्यांसाठीच आहे!" सुव्रतचा चेहरा उजळला. "एकटं म्हणून वाटायचंच नाही. मुलाला सांगा, चांगला फोन घेऊन दे म्हणावं."

"सांगतो," जिजाबा म्हणाले. "आला की सांगतो."

पानं वाढून झाली. हर हर महादेव झालं. महाराजांनी पहिला घास घेतला आणि डावा हात सुव्रतपुढे केला.

"दे बघू ती तुझी हाळी."

सुव्रतला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानं फोन उघडून दिला, बटण दाखवलं. महाराजांना ते पटकन जमलं.

"इचलकरंजीच्या एका बाईंच्या कुंडीत वांगं धरलंय. देऊ का ओ?"

"द्या की!"

"दिली. हा बघ, याला चार दिवस झोप नाही म्हणतो."

"द्या ओ."

"झोप न लागण्याला?"

"तसंच असतं ते, महाराज."

"बरं. दिली."

पंगतीत हाका सुरू झाल्या. 'शेजारी भात!' 'शेजारी ताक!' भिकूनाना महाराजांच्या पानावर नजर ठेवून होते. महाराजांचा भात संपायच्या आत नवा येत होता. त्यांना पानाकडे बघावंही लागत नव्हतं.

सुव्रतचा भात तीन घासांत संपला.

तो महाराजांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा खूश दिसत होता. वाक्य नक्की चांगलं येणार. पण पोटाला ते कळत नव्हतं.

तो खाकरला.

महाराज फोनमध्ये होते.

त्यानं लिंबाची फोड पानाच्या या कडेची त्या कडेला नेली. मग पानच थोडं डावीकडे सरकवलं, सहज दिसेल असं. वाफाळत्या भाताचं पातेलं समोरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. वाढप्यानं त्याच्या रिकाम्या पानाकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं, आणि रीत ती रीत म्हणून पुढे चालू लागला. दीड लाख माणसांना हाळी द्यायला शिकवणाऱ्याला समोरचा एक वाढपी बोलावता येत नव्हता.

"महाराज..."

"थांब रे. एका मुलानं जेवणाचं ताट टाकलंय. काय ताट आहे! हे बघ, मसालेभात, वर तूप..." त्यांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "देऊ ओ?"

"...द्या."

"दिली."

भिकूनानांनी महाराजांसाठी ताक मागवलं. सुव्रतनं ते पानावरच्या वाटीत पडताना पाहिलं, आणि त्याचा धीर सुटला.

"महाराज, तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसलाय."

"बसलोय खरा."

"माझं पान बघा."

महाराजांनी फोन खाली ठेवला. पान पाहिलं. डाव्या हातानं कान पकडला.

"अरेरे. कोरडं ठणठणीत. चुकलंच माझं, सुव्रता. गुंतलो यात."

सुव्रतला उपाशी पोटीही जरा बरं वाटलं. गुरूला गुरूच्याच नियमात धरायला मिळणं काही रोज घडत नाही. तो मोठ्या मनानं म्हणाला, "असू दे, महाराज. पण रीत मठाचीच आहे. शेजारच्यानं बघायला हवं."

"बघायलाच हवं. मी फोनमध्ये होतो. तू कशात होतास?"

"मी? मी कशातच नव्हतो. मी तर तुमच्याकडं..."

महाराजांनी मान जराशी उजवीकडे कलती केली.

सुव्रत वळला.

जिजाबांच्या पानावर मीठ तेवढं होतं. भात गेला होता, आमटी गेली होती, लिंबाची फोड सालीसकट गेली होती. जिजाबा बोट ओलं करून मिठाला लावत होते. सुव्रत बघतोय हे दिसताच ते ओशाळून हसले.

"झालं माझं," ते म्हणाले. "पोट भरलं. चालू द्या तुमचं. कामाचं बोलणं चाललंय, मी आपला गप बसलो."

पंगतीच्या टोकाला वाढपी पातेल्यावर झाकण ठेवत होता.

"शेजारी भात," सुव्रत म्हणाला.

वाढप्यानं मान वर केली नाही.

"एवढ्या हळू?" महाराज म्हणाले. "तुझं दीड लाख माणसं ऐकतात म्हणे."

"शेजारी भात!"

आवाज फाटला. अर्धी पंगत वळून बघू लागली. वाढपी झाकण टाकून धावत आला आणि त्यानं जिजाबांच्या पानावर भाताचा ढीग घातला. जिजाबांनी 'पुरे, पुरे' म्हणायला हात आडवा धरला, तो जरा उशिराच धरला.

"शेजारी आमटी!" सुव्रत पुन्हा ओरडला. आमटी आली.

जिजाबा जेवू लागले. सुव्रत त्यांच्या पानाकडे बघत बसला. त्याचं स्वतःचं पान तसंच होतं.

"महाराज," थोड्या वेळानं तो खाली मान घालून म्हणाला, "ते वाक्य... राहू दे."

"राहू दे कसं? शब्द दिलाय. पानावरून उठायच्या आत देतो म्हणालो होतो." महाराजांनी फोन उचलला. "कुठं दाबायचं?"

सुव्रतनं डाव्या हातानं रेकॉर्डिंगची लाल टिकली दाखवली.

महाराजांनी ती दाबली. आकडे पुढे पळू लागले. महाराजांनी फोन तोंडाजवळ धरला, सुव्रतच्या पानाकडे पाहिलं, आणि पातेलं घेऊन परत निघालेल्या वाढप्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाक्य दिलं.

"शेजारी भात!"